बाईंची खास शिफारस

वाचनालयात ग्रंथपालबाईंचा असा दरारा, की वर्तमानपत्राचं पान उलटतानाही माणसं आधी त्यांच्याकडे बघून घेत. पण जुनं पुस्तक रद्दीत घालायचं म्हटलं, की याच बाईंचा जीव तुटायचा. नियमच तसा होता. वर्षानुवर्षं कुणी नेलं नाही, ते पुस्तक बाद. मग बाईंनी शक्कल लढवली. निसर्ग-विज्ञानाची बाद व्हायला आलेली पुस्तकं दारातल्या काचेच्या कपाटात मांडली आणि वर पाटी लावली, 'बाईंची खास शिफारस'. आता ती पुस्तकं स्वतः वाचायची म्हणाल, तर नाव नको! मागच्या कव्हरवर नजर टाकली की झालं. लोक भरवशानं नेत, पुस्तकावर तारखेचा शिक्का पडे, त्याला जीवदान मिळे. यात कुणाचं काय बिघडतंय, असं बाई स्वतःला सांगत.

बिघडलं ते किल्लीवाल्या आजोबांच्या घरी. कोपऱ्यावर किल्ल्या बनवून देणाऱ्या या आजोबांना बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नातीला घरट्यातून पडलेलं पिल्लू सापडलं, तसं त्यांनी त्या कपाटातून पक्ष्यांवरचं पिवळ्या पानांचं जाडजूड पुस्तक नेलं होतं.

ते परत करायला आले, तेव्हा नात त्यांच्यामागे खाली मान घालून उभी होती. पिल्लू गेलं, आजोबांनी हळूच सांगितलं. पुस्तकात होतं तसंच पोरीनं ड्रॉपरनं त्याच्या चोचीत पाणी सोडलं, आणि तिच्या हातातच त्यानं मान टाकली.

"पुस्तकाला नाव ठेवायला जागा नाही हो," आजोबा म्हणाले. "पोरीचाच हात चुकला. तीही तेच म्हणते. धड जेवत नाही, झोपत नाही."

दुसरं काहीतरी चांगलं सुचवा म्हणून ते कपाटाशी गेले. बाईंना राहवलं नाही. त्यांनी मागच्या मांडणीतलं पक्ष्यांवरचं नवं कोरं पुस्तक काढलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं: पिल्लाच्या चोचीत पाणी कधीही सोडू नये, ते श्वासनलिकेत जातं. अहो, हे पुस्तक इथेच, हाताच्या अंतरावर होतं!

गप्प बसणं सोपं होतं. जुनं पुस्तक आजच बाद केलं असतं, तर कुणाला पत्ता लागला नसता. त्यांना स्वतःची शरम वाटली. आजोबांना बाजूला घेऊन त्यांनी खालच्या आवाजात सगळं सांगून टाकलं, पाटीचंसुद्धा.

आजोबा चिडले नाहीत. "हे मला कशाला सांगता, बाई?" एवढंच म्हणाले. "तिला सांगा."

बाई पोरीसमोर खाली बसल्या. "तुझा हात चुकला नव्हता, बाळा. पुस्तकच चुकीचं होतं. मी ते न वाचताच चांगलं म्हणून ठेवलं होतं."

पोरीनं मान वर केली. "मग दुसरं पुस्तक दिलं असतं, तर ते जगलं असतं?"

"बहुतेक हो," बाई म्हणाल्या.