सुभेदार आबांचं आवतण

कोयनानगरच्या ज्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे, तिथं पोचायच्या आधी घाटात एक वळण लागतं. आमच्या वाडीत फोनला रेंज नाही, ती या वळणावर येते. त्यामुळं शनिवारी सकाळी स्कूटी कडेला लावायची, हेल्मेट काढायचं आणि फोन कानाला लावून सुभेदार आबांचा आवाज ऐकायचा, हा माझा कैक वर्षांचा नेम. काही आठवड्यांपूर्वीच्या शनिवारीही अशीच थांबले. फोन टुणटुण वाजत राहिला, पण आबांचा आवाज काही येईना. आमच्या गटावर आले ते नुसते जोडलेले हात, एकाखाली एक. आधी वाटलं, म्हाताऱ्याला कुठलातरी पुरस्कार मिळाला आणि लोकांनी नमस्कारांचा पाऊस पाडलाय... मग वाचलं. पहाटे झोपेतच गेले होते. मी तिथंच कठड्यावर बसून मोठ्यानं रडले. मागून दुधाची गाडी आली, गाडीवाल्यानं घाबरून विचारलं, "ताई, पडला का काय?" म्हटलं, "मी नाही हो, आमचा टॉवर पडला." बिचाऱ्याला काही कळलं नाही. त्यानं मला पाणी दिलं आणि तो गेला.

आबा विट्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातले. उमर सगळी फौजेत गेली, तीही सिग्नलमध्ये, म्हणजे वायरलेसवर निरोप घ्यायचे आणि पुढं द्यायचे. सुभेदार होऊन गावी परतले तेव्हा लोकांनी विचारलं, सोसायटीला उभं राहता का, दूध डेअरी बघता का. आबांनी मागितलं काय, तर देवळाशेजारच्या पत्र्याच्या खोलीतलं वाचनालय. गाव खुशीत देऊन मोकळं झालं, कारण ते कुणालाच नको होतं. वर्षभरात आबांच्या लक्षात आलं की, वाचनालयं गावोगाव आहेत, पण एकाची खबर दुसऱ्याला नाही. प्रशिक्षणवर्गाचे प्रवेश सुरू होऊन संपायचे तेव्हा आम्हाला कळायचं. चांगली जागा निघायची आणि कुणाचा तरी भाचा लागून जायचा. मग आबांनी फोनवर गट केला, आणि दर शनिवारी त्यांचा आवाज सुरू झाला, "रामराम मंडळी, सुभेदार बोलतोय. कान हिकडं करा. ग्रंथपाल वर्गाचे प्रवेश चालू झाल्यात, पोरीबाळींनी मागं ऱ्हायचं न्हाई. तासगावकडच्या एका वाचनालयानं शेळ्या राखणाऱ्या बायांसाठी माळावर पुस्तकं न्यायला सुरवात केलीया, लय झ्याक काम, ज्यांना जमंल त्यांनी उचला. म्हसवडकडं एक जागा निघालीया. ज्याचा हक्क हाय त्यानंच अर्ज करा, वशिल्याच्या तट्टांनी लांब ऱ्हावा. ओव्हर."

निरोप संपला की म्हणायचं हे वायरलेसवरचं 'ओव्हर' काही त्यांच्या जिभेवरून उतरलं नाही. घरातसुद्धा, "पारू, चहा ठेव. ओव्हर." पारूकाकी चुलीपुढनं ओरडायच्या, "आवं, ह्या घरात दोनच माणसं! मला काय वायरलेस बसवलाय?" आबा गालात हसायचे. चहा यायचा.

माझंच सांगते. तेव्हा मी वाचनालयात पुस्तकांवरची धूळ झटकणारी हंगामी बाई होते. शनिवारी आबांनी प्रवेशाची बातमी दिली, मी ऐकली आणि सोडून दिली. सोमवारी घरच्या तारेच्या फोनवर आबा, "पोरी, अर्ज केलास?" मी म्हटलं, "आबा, सासूबाईंना विचारते." तिकडनं हुकूम आला, "सासूला फोन दे." सासूबाई पदर सावरून फोनवर उभ्या राहिल्या, जणू समोर पलटण आहे. आबा त्यांना काय बोलले देव जाणे, पण त्या फोन ठेवून मला म्हणाल्या, "उद्यापास्नं भाकरी मी थापती. तू शिकाया जा." राज्यभर अशा किती जणी आहेत, ते मी मोजलेलं नाही. पण भेटल्या की सगळ्या सासूची नाहीतर नवऱ्याची हीच गोष्ट सांगतात आणि पोट धरून हसतात.

तर आता एका जत्रेची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय आबा पुरे व्हायचे नाहीत.

त्यांच्या गावची निम्मी घरं सोन्याच्या गलाईच्या धंद्यात. सोनं गाळून शुद्ध करायची दुकानं, कुणाचं कोइमतूरला, कुणाचं कलकत्त्याला. हे सगळे लोक जत्रेला गावी येतात आणि गावच्या कामांचा निकाल जत्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळाच्या मांडवात लागतो. त्या वर्षी जत्रा कमिटीचे प्रमुख विलासशेठ यांनी विषय काढला होता की, देवस्थानची भांडी वाढलीत, कढया-पातेली ठेवायला जागा नाही, तर वाचनालयाची खोली भांड्यांना द्यावी. माणूस वाईट नव्हता हो. देवाला हात सैल, पण बोलायला फटकळ. चारचौघांत म्हणाला, "वाचनालयात येतंय कोण? दोन म्हातारी आन् एक कुत्रं." आबांना हे लागलं. खोली गेली तर पुस्तकं कुठं न्यायची, आणि तो शनिवारचा आवाज तरी कुठनं द्यायचा? मला फोनवर म्हणाले, "पोरी, सरहद्दीवर चौकी सोडली न्हाई म्या. ही सोडायची म्हंजे..." आणि फोन ठेवला. ओव्हरसुद्धा म्हणाले नाहीत, तेव्हा मी समजले की, म्हातारा खचलाय.

आणि त्याच आठवड्यात त्यांच्याकडनं ती चूक झाली. आमच्याकडं जत्रेचं आवतण देताना कुणी हात आखडता घेत नाही. एसटीत शेजारी बसलेल्या माणसालाही सांगायचं, "जत्रंला या, घर आपलंच हाय." ऐकणाराही "येतो की" म्हणतो, आणि कुणी येतं, कुणी येत नाही. आबांनी दरसालच्या सवयीनं बातम्यांच्या शेवटी म्हटलं, "सोमवार-मंगळवार आमच्या गावची जत्रा हाय. समद्यांनी जेवायला यायचं. ओव्हर." पूर्वी गटात आपल्या दोन जिल्ह्यांचीच माणसं होती, चार-दोन जण यायचे. पण एव्हाना गट पार गोंदियापर्यंत पोचला होता, हे आबांच्या ध्यानातच नव्हतं. तिकडच्या लोकांना आमची ही रीत काय ठाऊक! त्यांना वाटलं, सुभेदारांनी राज्याचा मेळावा बोलावलाय. उत्तरं यायला लागली. नांदेडवरून येतो, जळगावची गाडी ठरली, भंडाऱ्याहून निघालो.

काकींनी डोक्याला हात लावला. "आवं, सांगा की त्यास्नी, चुकून बोललो म्हनून!" आबा ताठ उभे राहिले. "दिल्यालं आवतान माघारी घेऊ? त्यापरीस जीभ कापून दे." मग काय, आम्ही आसपासच्या वाचनालयांतल्या बाया आदल्या दिवशीच जाऊन काकींच्या पडवीत भाकरी थापायला बसलो. काकींचं तोंड आणि हात सारख्याच वेगानं चालू होते. "बातम्या द्या म्हनलं तर ह्यांनी पलटन बोलावली!"

मंगळवारी सकाळपासून पाहुणे उतरू लागले. जीपमधनं, एसटीनं, कुणी विट्याहून रिक्षा करून. ज्याला त्याला पहिला प्रश्न एकच, "सुभेदारांचं वाचनालय कुठं आहे?" त्यांच्या मनात मोठी दगडी इमारत होती. गावकरी पत्र्याच्या खोलीकडं बोट दाखवायचे आणि पाहुणे हसायच्या ऐवजी दारात चपला काढायचे आणि आत जायचे. दुपारपर्यंत त्या खोलीपुढं चपलांचा हा ढीग झाला. देवळापुढं असा ढीग गावानं पाहिला होता, वाचनालयापुढं कधीच नाही. मांडवाकडं निघालेले विलासशेठ त्या ढिगाला अडखळून थांबले. भंडाऱ्याची एक बाई बाहेर येत होती. शेठनी विचारलं, "बाई, एवढ्या लांबून काय बघाय आला?" ती म्हणाली, "काही नाही जी. ज्या आवाजानं माझ्या घरची चूल पेटली, तो आवाज कुठून येतो ते पाहायचं होतं." आणि तिनं, विचारलं नसताना, आपली सगळी कहाणी सांगितली. तिच्यामागं जळगावचे मास्तर, त्यांच्यामागं नांदेडच्या दोघी बहिणी. शेठ ऐकत राहिले. त्यांच्या टोपीखालून घाम ओघळत होता.

मांडवात बैठक बसली. पाहुणेही जेवून हात पुसत मागं येऊन बसले. आबा गणवेशाचा कोट घालून आले होते, भाषण पाठ करून. उठायला गेले तर विलासशेठनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं. म्हणाले, "आबा, तुमी गप बसा. म्या कलकत्त्यात दुकान घालून आयुष्य काढलं, पर माझं नाव पुसत भंडाऱ्याचं माणूस कवा आलं न्हाई. भांडी माझ्या घरात ऱ्हातील. खोलीला कुणी हात लावायचा न्हाई, उलट वर माडी चढवायची. फुडल्या जत्रंला ही मानसं परत आली तर बसवायची कुठं? गावाची अब्रू हाय का न्हाई?"

अहो, काय सांगू तुम्हाला! हलगी कडाडली. कुस्तीच्या फडात जिंकलेल्या पैलवानाला उचलतात तसं पोरांनी आबांना उचललं आणि गुलालानं न्हाऊ घातलं. आबा वरनं ओरडत होते, "आरं कोट खराब हुईल, गड्यांनो, सरकारी हाय त्यो!" नांदेडच्या बहिणी हलगीवर नाचल्या. आम्ही नाचलो. आणि पडवीच्या दारात उभ्या पारूकाकी, भाकरीच्या पिठाचे हात तसेच वर करून, रडत-हसत बघत होत्या. मी आयुष्यात पुष्कळ सत्कार पाहिले, शाल-नारळाचे. असा विजय पुन्हा पाहिला नाही.

माडी झाली. दर जत्रेला वाचनालयांची माणसं येऊ लागली. जेवणं झाली की माडीवर बसून कुणाकडं काय चाललंय ते सांगायची. त्या माडीवरच्या गप्पांतून कितीतरी पोरापोरींना नोकऱ्या लागल्या, बंद पडलेली वाचनालयं उघडली. आबांचा आवाज पुढं थकला, मध्येच दम लागायचा, पण शनिवार चुकला नाही.

तेराव्याला आम्ही सगळे गेलो होतो. माडीवर त्यांची खुर्ची खिडकीला होती, पाठीवर त्यांचा मफलर. कुणी त्या खुर्चीत बसेना. खाली उतरताना विलासशेठ मला म्हणाले, "ताई, आता शनवारी बोलायचं कुणी?" आम्ही एकमेकांना तू बोल, तू बोल करत राहिलो आणि एक शनिवार मुका गेला. दुसराही गेला.

परवाच्या शनिवारी मी सवयीनं वळणावर थांबले. फोन वाजला. आबांच्याच नंबरावरून आवाजी निरोप. लावला तर आधी खाकरण्याचा आवाज, मागं कोंबड्या, आणि मग...

"रामराम. म्या पारूकाकी बोलतीया. ह्यांच्या खुर्चीत बसलीया. लय मऊ हाय, उगं म्हनत हुते पाठ दुखती. बातम्या मला येत न्हाईत, त्या तुमी एकेकानं धाडा, म्या वाचून दाखवीन. चष्मा केलाय. आज एकच बातमी हाय. फुडल्या म्हैन्यात जत्रा हाय. समद्यांनी जेवायला यायचं. भाकरी लय करायला लागल्या तरी चालतील."

मग बराच वेळ नुसत्या कोंबड्या. आणि अगदी शेवटी, लाजत, हळूच,

"ओव्हर."