पल्याड

आमच्या गावात माणूस मेला असं कुणी म्हणत नाही, पल्याड गेला म्हणतात. अल्याड बाजारपेठ, पल्याड स्मशान आणि मधे नदी. नदीला इथे उतार होता, बैलगाड्या इथूनच ओलांडायच्या, म्हणून तर हे गाव वसलं. पुढे आधी वाळू उपसून नेली, मागोमाग पाणी गेलं. आता तिथे बाभळी माजल्यात. नकाशात मात्र निळी रेघ अजून आहे, निर्लज्जासारखी.

परवा चुलत्यांची राख सावडायला गेलो. त्यांच्या मुलाने, दत्ताने, मोटरसायकलवर पाण्याचा जार बांधून आणला होता. कोरड्या पात्रात राख ओतून त्याने त्यावर जार उपडा केला आणि म्हणाला, "आण्णा, सावकाश जावा."

राख जाणार कुठे? तिचा चिखल झाला आणि तो आमच्या पायांशीच थांबला.

घरी आलो तेव्हा काकू सोप्यात बसली होती. "गेले का पल्याड?" तिनं विचारलं.

"गेले," दत्ता म्हणाला.

काकू आमच्या पायांना लागलेल्या त्या करड्या चिखलाकडे बघत होती.