लक्ष्मी ओ देत नाही

नवी मुंबईतल्या सारसोळ्यात रूपेश तांडेलची तीन मजली इमारत आहे. खाली चिकन सेंटर, वर त्याची आई गोजराबाई आणि मधल्या मजल्यावर त्याची सॉफ्टवेअर कंपनी. पाटीवर ‘ग्लोबल’ हा शब्द दोनदा रंगवलाय. एकदा लिहून समाधान झालं नसावं.

वडील गोटीराम खाडीत जाळी टाकत. मग शहर आलं आणि जाळ्यांच्या जागी भाडेकरू लागले. रूपेशने कॉम्प्युटरचा कोर्स अर्धा केला, लग्न पूर्ण केलं आणि एके दिवशी आरामखुर्ची घेऊन तो थेट मालकच झाला. ग्राहक कोण? मामाच्या मंगल कार्यालयाचा हिशेब, मेव्हण्याचं जिम, चुलत्याची पतपेढी. आजवर नात्याबाहेरच्या एकाही माणसाने त्याच्याकडून काही घेतलेलं नव्हतं. हे शल्य त्याला इतकं बोचायचं, की तळोज्याच्या एका केमिकल कारखान्याने नुसतं ‘येऊन बघतो’ म्हटलं, तर त्याने नवा ब्लेझर शिवून घेतला.

कारखान्याचे टिपणीससाहेब दुपारी येणार होते. त्यांची अट साधी: कोरी मशीन मी आणतो, माझ्यासमोर सॉफ्टवेअर चढवून दाखवा. आधीच्या कंपनीने त्यांना नुसती चित्रं दाखवून फसवलं होतं.

सकाळी रंगीत तालीम म्हणून शायमाने एका रिकाम्या मशीनवर काम सुरू केलं. शायमा पनवेलची. ऑफिसात खरंखुरं शिकलेली अशी ती एकटीच, त्यामुळे तिचं टेबल पाण्याच्या कूलरला चिकटून. तिने पॅकेज मॅनेजरला हुकूम सोडला. पॅकेज मॅनेजर म्हणजे वाणसामान आणणारा गडी समजा. काय हवं ते सांगायचं, तो कोठारात जाऊन सगळं घेऊन येतो. कोठार म्हणजे ऑफिसच्या कोपऱ्यातला सर्व्हर. नाव लक्ष्मी.

गडी रिकाम्या हाताने परतला. स्क्रीनवर लाल अक्षरं: या नावाचा होस्ट सापडत नाही.

“शेठ, लक्ष्मी सापडत नाहीये.”

रूपेशने आधी फोन उचलला. अडचण आली की माणसाने आधी कोणाला तरी झापावं, हे त्याचं तत्त्व.

“ए केबलवाल्या! तुझा नेट बंद हाय! काय? चालू हाय? मग मी काय येडा हाय का? विमानतळाचं खोदकाम चाललंय, तिकडेच तुझी वायर तुटली असणार!”

“शेठ, विमानतळ उलव्याला आहे,” शायमा म्हणाली.

“वायर लांब असते.”

मग त्याने राउटर बंद करून चालू केला. परत बंद केला. चिकन सेंटरच्या फ्रीजमुळे लहरी येतात असं ठरवून खाली जाऊन तोही बंद करायला लावला. चिकनवाल्याने आई-बहिणीची आठवण काढली. लक्ष्मी सापडली नाही.

“शेठ, तुमच्या मोबाइलवर मघाशी रील चालू होतं ना?”

“मग? माणसाने टेन्शन घालवायचं नाही?”

“तोच वायफाय आहे. म्हणजे नेट चालू आहे. बघा, सर्व्हरचा नंबर टाकला तर जवाब येतो. नावाने हाक मारली तर ओ देत नाही. मशीन जागेवर आहे, नाव गायब आहे.” तिने खुर्ची वळवली. “नावाची नोंद राउटरमध्ये असते. त्याचा पासवर्ड दोघांकडे. एक मी.”

रूपेशने ब्लेझरचं बटण लावलं. मग काढलं.

“हे बघा मॅडम…”

एरवी ती ‘ए शायमा’. ‘मॅडम’ म्हणजे शेठ पुरते अडकलेत.

“बोला.”

“त्या जिमवाल्या मेव्हण्याने सर्व्हरची मशीन बघून ‘काय झकास हाय’ म्हटलं ना? तेव्हापासून बंद पडते की नाही सारखी?”

“गरम होते म्हणून. तिच्यावर तुम्ही जेवणाचा डबा ठेवता.”

“आईने सांगितलं, नजर लागली.”

“काय केलंत?”

“लिंबू-मिरची बांधणार होतो. तू हसली असतीस. म्हणून सायंटिफिक केलं. नाव बदललं.”

“काय ठेवलं?”

रूपेश पुटपुटला, “धोंडू.”

तेवढ्यात गोजराबाई चहा घेऊन जिन्यातून आल्याच. “हसतंस काय गो? याच्या आदी माजी दोन पोरं गेली. मंग याला धोंडू म्हनलं, तवा हा ऱ्हायला. दगडाला कोन नजर लावतंय? लक्ष्मी नाव ठेवलंव, सगल्यांचा डोला तिच्यावर.”

शायमा हसली नाही. कप घेतला आणि म्हणाली, “आई, पोराचं नाव बदललं तर शाळेत तरी सांगतात ना? इथे सगळ्या मशीन अजून लक्ष्मीलाच शोधतायत.” मग रूपेशकडे वळून, “जुनं नाव परत लावू?”

“आज नको! आज तर बाहेरचा माणूस बघणार! त्याची नजर…”

“मग साहेबांच्या मशीनला नवं नाव शिकवते. बाकीच्यांचं उद्या बघू.”

“पण स्क्रीनवर दिसणार नाही ना?”

“प्रत्येक ओळीत दिसणार.”

टिपणीससाहेब आले. मशीन मांडली. शायमाने हुकूम सोडला आणि गडी धावत सुटला. इंग्रजी अक्षरांत ओळीमागून ओळ वर सरकू लागली: धोंडूकडून आणलं, धोंडूकडून आणलं, धोंडूकडून आणलं. शेवटी हिरवी खूण.

“वा!” साहेब म्हणाले. “एकही ठेच नाही. हे धोंडू कोण?”

सर्व्हरचं नाव, असं म्हणून संपलं असतं. पण नात्याबाहेरच्या पहिल्या माणसासमोर रूपेशला ते गावठी वाटलं.

“आमचे… सिनियर नेटवर्क कन्सल्टंट.”

“मग त्यांनाच साइटवर पाठवा. काम तुमचं.”

“ते आता आपल्यात नाहीत, साहेब.”

“अरेरे! कधी गेले?”

“नाही, नाही! म्हणजे, दुबईला.”

साहेबांनी लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटलं. “मग आम्ही कोणाच्या भरवशावर काम द्यायचं? त्यांच्या जागी माणूस आला की फोन करा.”

ते उठले. रूपेशने भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि अखेर कूलरकडे पाहिलं.

“आलाय की! म्हणजे आल्यात! शायमा मॅडम. धोंडूसाहेबांनी स्वतः तयार केलंय त्यांना.”

शायमाने भुवई उचलली. टिपणीससाहेबांनी तिला नीट न्याहाळलं. “मघाशी मशीन यांनीच चालवली ना? मग ठीक. सोमवारी या, मॅडम.”

ते गेले. जिन्यावरचे बूट वाजायचे थांबताच रूपेश हवेत मुठी मारत नाचला. “बाहेरची पार्टी! शायमा, आपली पहिली बाहेरची पार्टी!”

“मुबारक हो, शेठ. एक विचारू?”

“विचार की!”

“मी आता धोंडूसाहेबांच्या जागी, बरोबर?”

“हो, मग!”

“इतका सिनियर माणूस कूलरजवळ तर बसत नसणार. त्यांची केबिन कुठली होती?”

ऑफिसात केबिन एकच, रूपेशची. तिच्यात आरामखुर्ची होती, एसी होता आणि सोमवारपासून टिपणीससाहेबांचे फोन येणार होते.

शायमाने लॅपटॉप बगलेत मारला, चार्जर उपटला आणि केबिनचं दार ढकललं.

“शेठ, तुमचा डबा सर्व्हरवर ठेवू नका हं,” ती आतून म्हणाली. “कूलरपाशी जागा झालीय.”