लाल सदऱ्यातला ऑरिन

आमच्या ऑरिनला मिरवायला काहीही पुरायचं. अंगात लाल लोकरी सदरा, खांद्यावर कुऱ्हाड, आणि तोंडाचा पट्टा माझ्याहून लांब. म्हणजे बघा. हेमलॉकच्या झाडांची साल उतरवून कातडी कमवायला चामड्याच्या कारखान्याला द्यायची, हा त्याचा धंदा. त्यासाठी रोज दरीवर आडव्या पडलेल्या ओंडक्यावरून पलीकडे जायचा. त्याची बायको हल्डा त्या ओंडक्याला सवत म्हणायची.

त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे लॅथ्रॉप नावाचे चित्रकार माझ्याकडे राहायला होते. दिवसभर दरीच्या काठावर बसायचे, संध्याकाळी चित्र माझ्या बैठकीत टेकवून ठेवायचे. मी आधी नाक मुरडलं. झाडंच बघायची तर खिडकी आहे की. पण जवळ गेले आणि गप्प झाले. मी गप्प होणं म्हणजे काय, ते गावाला विचारा. वर काळपट हेमलॉक दाटलेले, ऊन एकाच पांढऱ्या खोडाच्या बर्चवर, आणि खालचा अंधार असा, की हात घातला तर गार लागेल. बघता बघता पाण्याचा आवाज यायला लागला. त्या अंधारावर ओंडका, आणि ओंडक्यावर गव्हाच्या दाण्याएवढा लाल माणूस.

"हा तर आपला ऑरिन," मी म्हटलं.

"कुणी नाही हो. दरी केवढी खोल ते कळावं म्हणून घातलाय," लॅथ्रॉपसाहेब म्हणाले.

पण चित्रात माणूस दिसला की तो कोण, हे ठरवल्याशिवाय आमच्याकडे कुणाला घास उतरत नाही. गावभर झालं. हल्डा आली, कितीतरी वेळ बघत राहिली.

"साहेब, ओंडक्याचं हे टोक काळं का?"

"कुजलंय ते. रंगवायला फार सुरेख."

"मग माझ्या माणसाला त्यावरनं उतरवा."

बिचाऱ्यांनी उतरवला. त्या जागी अंधार फासला.

रविवारी चर्चमधून ऑरिन थेट माझ्याकडे, केसांना पाणी लावून.

"मावशी, मी कुठाय यात?"

"बायकोनं पुसला तुला. लग्नात राहिलं होतं, ते आता केलं."

तो हसला नाही. "सगळ्यांना सांगून बसलोय मी. साहेब, उद्या उभाच राहतो तिथं. बघून काढा."

"रोज ओलांडतोस ते वेगळं," त्याच्या मागोमाग आलेली हल्डा म्हणाली. "उभा नको राहूस."

"अगं, माझा ओंडका आहे तो."

सकाळी पाणी चढलं होतं, गढूळ, फेसाळ. ऑरिन ओंडक्याच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभा. हल्डानं ॲप्रनचं टोक दातात धरलं होतं. हाक मारली तर तो वळून बघेल, म्हणून मारत नव्हती. लॅथ्रॉपसाहेब डोळे बारीक करून रंगवत होते.

"जरा डावीकडे सरक. तिथं उजेड आहे."

डावीकडे ते काळं टोक होतं. ऑरिननं पाऊल उचललं.

साहेबांनी ते चित्र शहरात नेलं नाही. माझ्याच बैठकीत आहे. पाहुणे जवळ जाऊन बर्चवरचं ऊन वाखाणतात, आणि मग हमखास विचारतात, हा लाल माणूस कमरेखाली रंगवायचा का राहिला. हल्डा बसलेली असेल तर मी त्यांना कॉफी प्यायला आत बोलावते.