फॉर्मवर लिहिलेलं ‘नाही’

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही.

अकोल्यात ऑफिसातले लोक मला विचारून पैसे गुंतवतात. एसआयपी कधी सुरू करावी, आईवडिलांची तजवीज कशी करावी — मी सांगत असतो. माझे बाबा मूर्तिजापूरला जिनिंगमध्ये कापूस तोलायचे. पेन्शन नाही. त्यांच्या आजारपणात माझ्या म्हातारपणाची पुंजी जाईल, या धास्तीने मी त्यांची आरोग्य पॉलिसी काढली. फॉर्मवर विचारलं होतं — मधुमेह आहे का? बाबांना तेव्हाच बारा वर्षांची शुगर होती. मी ‘नाही’ लिहिलं.

चूक झाली म्हणू? चूक कसली — जुन्या डॉक्टरांची फाइल मी स्वतः फाडली. बाबांना पढवलं, कुणी विचारलं तर शुगर पॉलिसीनंतरची सांगा. तोलताना कधी काटा मारला नाही त्या माणसानं. “तू म्हनशीन तसं,” एवढंच म्हणाले.

तीन वर्षांनी त्यांचे पाय सुजले. अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. शुगर किती वर्षांपासून, डॉक्टरांनी विचारलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे.

“दोन वर्सं झाले असतीन,” बाबा म्हणाले.

डॉक्टर बुचकळ्यात पडले. एवढ्यातल्या शुगरने किडनी इतकी बिघडत नाही, दुसरं काही असेल, म्हणाले. पाठीतून सुई घालून किडनीचा तुकडा तपासावा लागेल. रक्तस्रावाचा धोकाही सांगितला. कारण मला माहीत होतं. एका वाक्यात कदाचित ती सुई टळली असती. बोललो का? — संमतीपत्रावर सही केली.

सकाळी सुई घातली, दुपारी लघवीतून रक्त जाऊ लागलं. पलंगाला लावलेली पिशवी लाल झाली. बाबांनी माझं मनगट धरलं.

“पालिसीले काई होनार नाई ना, बाबू?”

तेवढ्यात मोबाईलवर मेसेज आला, खर्च मंजूर झाल्याचा. मला हायसं वाटलं. आधी ते वाटलं. पिशवीकडे मी नंतर पाहिलं.

रक्त दोन दिवसांनी थांबलं. किडनी मात्र ढासळतेच आहे, आणि डॉक्टरांच्या कागदावर अजून ती खोटीच वर्षं आहेत. दर महिन्याला त्यांच्या दाराबाहेर नंबर लावून बसलो की हातातली फाइल मी उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो — आज पुन्हा विचारतील का? बाबांना वाटतं, मी त्यांच्या काळजीनं घाबरलोय. ते माझ्या पाठीवरून हात फिरवतात.

मी फिरवू देतो.