शेवंतामावशींच्या हातातलं घड्याळ

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही, आणि त्याच्यापासून मी सहसा काही लपवत नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी थोडं मिरवून घेते — ती सवय काही जायची नाही. मी डॉक्टर आहे आणि शरीरातल्या घड्याळाचा अभ्यास करते. भूक, झोप, ताप — शरीरात सगळ्याची वेळ ठरलेली असते, आणि रात्रपाळी ती वेळ उधळून लावते. परळच्या आमच्या रुग्णालयात नर्स आणि मावशींच्या पाळ्या पूर्वी कशाही लागायच्या. मी त्यांचा क्रम बदलायला लावला: आधी सकाळ, मग दुपार, मग रात्र. उलट कधीच नाही. आज इतर रुग्णालयंही तोच क्रम पाळतात. मुली येऊन सांगतात, मॅडम, आता झोप लागते. अभिमान वाटतो का? वाटतो. भरपूर वाटतो, हे लिहितानाही.

हा क्रम सिद्ध करायला मी एका वॉर्डातल्या मावशींच्या मनगटांवर घड्याळं बांधली होती. त्यांत काटे नव्हते. हालचाल, उजेड आणि अंगाचं तापमान तेवढं नोंदलं जायचं. अट एकच — महिनाभर काढायचं नाही, दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही. सगळ्यांच्या नोंदी मला हव्या तशा आल्या. एक सोडून.

शेवंतामावशी नायगावच्या बीडीडी चाळीत राहायच्या. रात्रपाळीनंतर घरी गेल्या की त्यांच्या नोंदीत झोपच नसायची. नवा क्रम लागला, तरी नाही. मी विचारलं तेव्हा त्या हसल्या. "दिवसाढवळ्या दार लावून झोपू, मॅडम? चाळीत दार लावलं की अख्खा मजला विचारायला येतो, काय झालं म्हणून. आणि दार उघडं, तर झोप कसली?"

मी शिवाजी पार्कला वाढले. आमचं दार कायम बंद. मला हे आपणहून सुचलं नसतं, कबूल — पण त्यांनी तर सांगितलं होतं ना?

मी काय केलं? नुसता पाळ्यांचा क्रम बदलून भागत नाही, घरी दारही लावता आलं पाहिजे — असं मला लिहावं लागलं असतं. माझा ठसठशीत निष्कर्ष पातळ झाला असता. ते मला नको होतं. म्हणून मी सगळ्या वॉर्डासमोर त्यांना म्हटलं, तुम्ही घड्याळ घरी दुसऱ्या कोणाला तरी घातलंत.

मावशींनी मुलाची शपथ घेतली. मी त्यांची नोंद वगळली आणि शोधनिबंधात कारण दिलं — सहभागी व्यक्तीने सूचना पाळल्या नाहीत. पुढे वॉर्डात त्यांना खोटारडी म्हणायला लागले. ते माझ्या कानावर होतं.

आता खरं सांगते. घड्याळ मनगटावरून निघालं की तापमानाची रेघ एकदम कोसळते. मावशींची रेघ महिनाभरात एकदाही कोसळली नव्हती. हे मी त्यांना बोलले त्याच्या आदल्या दिवशी पाहिलं होतं. आदल्या दिवशी — नंतर नाही.

गेल्या महिन्यात दादरला भाजी घेताना त्या भेटल्या. आता निवृत्त झाल्या आहेत. बरोबर सून होती. तिला माझी ओळख करून देताना केवढा अभिमान आवाजात! "ह्याच त्या मॅडम. पाळ्या ह्यांनी नीट केल्या. मी पण होते ह्यांच्या कामात." मग माझ्याकडे वळून, जरा दबक्या आवाजात — "माझंच घड्याळ बिघडलं, मॅडम. भांडी घासताना पाणी गेलं असणार आत. नाहीतर माझा पण उपयोग झाला असता तुम्हाला."

एवढी वर्षं त्या हे कारण शोधत बसल्या होत्या का? माझं एक वाक्य पुरलं असतं. सून ऐकत उभी होती.

"असेल, मावशी," मी म्हणाले. "होतं असं कधीकधी."

मावशींचा चेहरा खुलला. "बघ," त्या सुनेला म्हणाल्या, "मी म्हणत नव्हते? मी खोटं नाही बोलले."

नव्हत्याच बोलल्या. मी बोलले होते — तेव्हा वॉर्डात, आणि दादरला पुन्हा, त्यांचा हात हातात धरून.