कापलेला कोपरा

नव्वदच्या दशकात मी पुण्यात संगणकाला छातीचे एक्स-रे वाचायला शिकवत होते. क्षयाचा डाग आहे की नाही, एवढंच त्यानं सांगायचं. शिकवायला जुने फोटो लागायचे, ते मी बारामतीच्या एका दवाखान्यातून पिशव्या भरभरून एसटीनं आणायचे. त्यावरच्या डॉक्टरांच्या तांबड्या पेन्सिलीच्या खुणा स्पिरिटनं पुसून टाकायचे, म्हणजे संगणकानं आयतं उत्तर बघू नये. तो क्वचितच चुकायचा. मला भारी गुर्मी चढली होती.

त्याच सुमारास इंदापूरला माझ्या वडिलांचा, आबांचा, खोकला हटेना. फोटो काढला, पण डॉक्टर गावाला गेलेले. आबा फोटो घेऊन थेट माझ्याकडे आले. मी तो स्कॅन करून संगणकाला दिला. डाग नाही, असं उत्तर आलं.

"डॉक्टर आलं की दावू का त्यास्नी?"

"कशाला आबा? ह्यो डॉक्टरापेक्षा जास्त फोटो बघून बसलाय."

"तू म्हणतीस म्हंजी झालं."

फोटो माझ्याकडेच ठेवून ते परत गेले. पुढं चार महिने खोकल्याच्या बाटल्या पीत राहिले. रक्त पडलं तेव्हा कुठं खरे उपचार सुरू झाले, आणि तोवर उशीर झाला होता. आबा गेले.

संगणक कुठं चुकला ते मला कळेना, म्हणून मी तो फोटो घेऊन बारामतीच्या दवाखान्यात गेले. तिथल्या एक्स-रे काढणाऱ्या मामांनी तो हातात घेतला आणि सवयीनं कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"आमचा न्हाय ह्यो. कोपरा कापल्याला न्हाय."

"म्हणजे?"

"डॉक्टरांनी क्षय सांगितला की आमी कोपरा कापतो. कोठीत लाइट नसती, गठ्ठ्यातनं हातानं चाचपून काढाया बरं पडतं."

ते कापलेले कोपरे मी शेकडो वेळा हाताळले होते. जुने फोटो आहेत, झिजले असतील, असं मला वाटायचं. संगणक छाती बघतच नव्हता, कोपरा बघत होता. माझी मलाच चीड आली. पेन्सिलीच्या खुणा पुसून मी स्वतःला फार शहाणी समजत होते.

मामांनी फोटो खिडकीच्या उजेडाला धरला.

"डाग तर ढळढळीत हाय की, ताई. तुमाला दिसला न्हाय?"

मी तो फोटो एकदाही उजेडाला धरला नव्हता.